साडूभाऊंनी पास केलेल्या थाळ्या

आमचे साडूभाऊ उद्या स्वर्गाच्या दारात जाऊन उभे राहिले, तर आत पाऊल टाकण्याआधी दाराची बिजागरी करकरते का ते पाहतील आणि करकरत असेल तर तिथूनच परत फिरतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आत अप्सरा ताटकळल्या तरी बेहत्तर, पण बिजागरीला तेल पडल्याशिवाय उंबरा ओलांडणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकाच सासऱ्याच्या दोन जावयांमध्ये जी सभ्य चुरस असते ती आमच्यात कधी झाली नाही, कारण मी पहिल्याच दिवशी हरलो. माझ्या लग्नात आहेराच्या भांड्यांपाशी मांडी घालून त्यांनी एकेका पातेल्यावर टिचकी मारली होती आणि सातांपैकी चार पातेली 'बद्द' ठरवून बाजूला काढली होती. त्या चारांतलं एक त्यांनी स्वतःच दिलेलं होतं. हे लक्षात आणून दिल्यावरही निकाल बदलला नाही.

त्यांची नोकरीच तशी होती. भोसरीच्या एका कारखान्यात तापलेल्या लोखंडावर घण पडून ट्रकचे सुटे भाग घडत, तिथे ते तपासनीस होते. गार झालेला भाग साखळीला टांगायचा, छोट्या हातोडीने त्यावर एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे, म्हणून त्यावर लाल खडूने फुली मारायची आणि भाग परत भट्टीकडे. तेहतीस वर्षं हेच केल्यावर माणसाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसू लागल्या तर नवल नाही. लाल खडू अजूनही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. आमच्या गल्लीतल्या मारुतीची घंटा त्यांनी नापास केली आहे, त्यामुळे तिथला नमस्कार ते रस्त्यावरूनच करतात. "देवाबद्दल तक्रार नाही," ते म्हणतात, "ओतकामाबद्दल आहे." शेजारच्या काकू नवा कुकर आणला की पावती फाडण्याआधी तो साडूभाऊंकडे आणतात. लग्नाच्या पंगतीत ते वाटी उलटी करून नखाने वाजवतात आणि मगच आमटी घेतात. सगळ्या नातेवाइकांत त्यांच्या कानाचा असा काही दबदबा आहे की त्यांच्यासमोर चमचा खाली ठेवतानाही माणूस जपून ठेवतो. फक्त ताईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, मत थोडं वेगळं आहे. "पातेल्यातला तडा ऐकू येतो यांना," त्या म्हणतात, "मी स्वयंपाकघरातून मारलेली हाक तेवढी येत नाही." यावर आम्ही सगळे नवरे मनापासून हसत आलो.

शनिवार पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा ध्वनिमुद्रणाचा छोटासा स्टुडिओ आहे. वीस वर्षं मी तिथे शाळांची समूहगीतं, श्लोकांचे पाठ आणि फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा' असा मिळेल तो आवाज टिपत आलो. मागच्या वर्षी एक मुलगी आली. मूळची नागपूरची, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारी आणि शनिवार-रविवार ड्रम वाजवणारी. तिला आणि तिच्या तीन दोस्तांना स्वतःची आठ गाणी मुद्रित करायची होती. अट एकच, स्टुडिओचा स्वतःचा ड्रमसेट हवा, कारण दर आठवड्याला हिंजवडीहून ढोल वाहून आणायचे तर गाणी म्हणायला अंगात त्राण उरत नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी तरुण माणूस माझ्याकडे गाणी घेऊन आला होता, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ढोल आले. आता ते उभे करायचे स्टँड, पायाने वाजवायचं पेडल, बसायचं स्टूल आणि वर टांगायच्या काशाच्या थाळ्या, म्हणजे सिंबल, एवढं निवडायचं राहिलं होतं. एका रविवारी जेवताना मी सहज म्हणालो, "साडूभाऊ, जरा सोबत येता का निवडायला?" त्यांच्या हातातला पुरणपोळीचा घास हातातच राहिला. कॉलेजात असताना ते पाच वर्षं एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत होते, हे मला ऐकून माहीत होतं. पण तो सेट मालकाचा होता, नोकरी लागल्यावर सुटला, आणि स्वतःचा असा त्यांनी कधी घेतला नाही, हे त्या दिवशी ताईंनी सांगितलं. साडूभाऊंनी ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले आणि विचारलं, "कधी निघायचं?"

निघालो ते महिनाभर निघतच राहिलो. "ढोल कोणीही निवडेल," हे त्यांचं पहिलं सूत्र, "स्टँड निवडायला माणूस लागतो." त्यांचं म्हणणं असं की प्रेक्षकांना स्टँडची कुरकुर ऐकू येत नाही, पण मायक्रोफोन हा चहाडखोर शेजारी आहे, तो सगळं ऐकतो आणि जन्मभर लक्षात ठेवतो. म्हणून प्रत्येक स्टँडचा प्रत्येक नट त्यांनी पिळून, सैल करून, पुन्हा पिळून पाहिला. थाळीच्या खाली-वर बसवायच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीच्या, चकत्या त्यांना तयार मिळालेल्या पटल्या नाहीत, तेव्हा बोहरी आळीतून नमदा आणून त्यांनी त्या घरी कात्रीने कापल्या. पेडलवर पाय ठेवून दोन तास पेपर वाचला. स्टूल तर ते रिक्षात घालून घरी घेऊन गेले आणि तीन दिवस त्यावर बसून जेवले. मला फोन यायचे. "आज डावीकडे लोणचं घ्यायला वाकलो तर बोललं." ते स्टूल परत गेलं. दुसरं आलं, त्यावर लोणचं, कोशिंबीर, पाणी अशी सर्व बाजूंची तपासणी झाली आणि मग ते पास झालं. ताई मला म्हणाल्या, "अहो, तुमचा स्टुडिओ होईल तेव्हा होईल, पण यांना इतक्या वर्षांनी असं पाहतेय मी. सकाळी उठून दाढी करतात."

थाळ्या घ्यायला आम्ही लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या बाजूला एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार साठीचा, चष्म्यावरून बघणारा, आणि गिऱ्हाईक आलं याचा आनंद चेहऱ्यावर दिसू न देण्याची काळजी घेणारा. साडूभाऊंनी पहिली थाळी टांगायला लावली आणि म्हणाले, "पंखा बंद करा." दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, एक बटण दाबलं आणि म्हणाला, "केला." साडूभाऊंनी काठीने थाळीवर हलकेच टोला दिला आणि बोट वर केलं. बोट वर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी पद्धत. नाद पसरला, बारीक झाला, माझ्या लेखी संपलासुद्धा. "अजून आहे," साडूभाऊ म्हणाले. दुकानदाराने कान पुढे केला. "अजून आहे." बराच वेळ गेला. "आता गेला," म्हणून त्यांनी बोट खाली घेतलं. मला अभिमानाने भरून आलं. जे आम्हाला कोणालाच ऐकू येत नाही ते ऐकणारा माणूस आमच्या घरातला होता.

"अशा किती ऐकणार?" दुकानदाराने विचारलं.

"असतील तेवढ्या."

"थाळी आहे, कीर्तन नाही. बसून घ्या."

साडूभाऊंनी पंधरा थाळ्या ऐकल्या. त्यांपैकी अकरांवर त्यांनी सवयीने खिशातला खडू काढून लाल फुल्या मारल्या. दुकानदार उठून उभा राहिला. "पुसा," एवढंच म्हणाला. साडूभाऊंनी शांतपणे स्वतःच्या रुमालाने अकराच्या अकरा थाळ्या पुसल्या, आणि त्या पुसताना दोन पुन्हा वाजवून पाहिल्या, कोणावर अन्याय नको म्हणून. उरलेल्या चार आम्ही घेतल्या. एक मोठी, एक मधली आणि पायाने उघडमीट होणारी जोडी. त्या आकाराने आटोपशीर, चकचकीत, आणि साडूभाऊंच्या शब्दांत सांगायचं तर "खणखणीत असून लोण्यासारख्या" होत्या. मला त्या किंचित कर्कश वाटल्या होत्या, पण आमच्या घरात कान त्यांचा होता, माझा नव्हता. निघताना दुकानदार म्हणाला, "आठ दिवसांत बदलून मिळतील. नवव्या दिवशी मी ओळख देत नाही."

हा सोमवार. शनिवारी ती मुलगी पहिल्यांदा सेटवर बसली. साडूभाऊ कोपऱ्यातल्या सोफ्यावर इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, लेकीला बघायला पाहुणे आलेल्या बापासारखे. तिने ढोलांवर एक लांबलचक फेरी मारली, थांबली आणि म्हणाली, "काका, हे स्टँड कोणी निवडले? इतकं ठोकून राहिली मी, तरी काहीच हलून नाही राहिलं!" साडूभाऊंनी नुसती मान हलवली, पण सदऱ्याच्या आत ते दोन इंच तरी फुगले असतील. मग तिने थाळ्यांना हात घातला. दुसऱ्या-तिसऱ्या टोल्याला तिचे डोळे बारीक झाले. चौथ्याला तिने खांदा वर करून एक कान झाकला.

"टोचून राहिल्या ना कानाला," ती चाचरत म्हणाली.

"टोचतात?" साडूभाऊ हसले. "अगं, लोणी आहे ते."

दोष थाळ्यांचा की माझ्या स्पीकरांचा, हे पाहायला मी स्पीकर तपासायचा आवाज लावला. हा आवाज खाली घुमण्यापासून सुरू होतो आणि चढत चढत बारीक शिट्टीपर्यंत जातो. घुमला, गुणगुणला, वर चढला. शिट्टी झाली. ती मुलगी दोन्ही कानांत बोटं घालून बसली, मीही दात आवळले. साडूभाऊ स्पीकरकडे बघत होते. "हं," ते म्हणाले, "थांबलात का? करा की सुरू."

मी आवाज बंद केला. "स्पीकरमध्ये काहीतरी आहे," असं म्हणालो. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मानेनेच नाही म्हटलं. साडूभाऊ थोड्या वेळाने उठले, स्टुलाच्या एका नटाला पीळ दिला आणि समाधानाने घरी गेले.

आठांपैकी पाच दिवस उलटले होते. थाळ्या तशाच ठेवल्या तर त्या मुलांच्या आठही गाण्यांवर ती टोचणी कायमची बसणार. बदलल्या तर साडूभाऊंना सांगावं लागणार की तुमचा कान नापास आहे. ज्या माणसाने जन्मभर इतरांवर फुल्या मारल्या, त्याच्यावर फुली मारायची ती मी? माझ्या हाताने होणारं ते काम नव्हतं. मग मी भित्र्या माणसाचा मार्ग काढला. गुपचूप बदलून आणायच्या, आणि त्याच आहेत असं म्हणायचं. रविवारी सकाळी त्या मुलीला घेऊन मी दुकानात गेलो.

"इन्स्पेक्टरसाहेब नाही आले?" दुकानदाराने विचारलं.

"नाही."

त्याने थाळ्या पिशवीतून काढल्या, एकीकडे ठेवल्या, आणि पावती बघायलासुद्धा मागितली नाही. "त्या दिवशी पंखा बंद करा म्हणाले ना," तो म्हणाला, "तो पंखा दिवाळीपासून बिघडलाय. मी नुसतं बटण दाबलं." त्याने थाळ्या एकावर एक रचल्या. "माझ्या वडिलांचं असंच होतं. बाहेरचं बारीक ऐकू येत नाही आणि आत मात्र सारखं वाजत राहतं. घूं करून. दिवसरात्र." त्याने चष्मा काढून पुसला. "थाळी कधीच थांबली होती हो. मी काय बोलणार? एवढं मन लावून ऐकत होते." मग त्या मुलीला तो म्हणाला, "तू निवड आता. आणि त्यांना सांगू नका मी बोललो म्हणून." फटकळ दुकानदाराशी कसं वागायचं ते मला येतं. हळव्या दुकानदाराशी काय बोलायचं ते मला सुचेना, म्हणून मी उगाचच छताकडे पाहत राहिलो.

तिने निवडलेल्या थाळ्या अंगाने पातळ, काळपट आणि आवाजाने मवाळ होत्या. स्टुडिओत येऊन आम्ही त्या चढवत होतो. चौथी थाळी माझ्या हातात असतानाच दार उघडलं आणि साडूभाऊ तेलाची कुपी घेऊन आत आले.

"पुसायला काढल्या होत्या," मी म्हणालो.

त्यांनी पुढे होऊन मोठ्या थाळीची कड दोन बोटांत धरली, उचलून पाहिली, अंगठा फिरवला. "पुसल्यावर वजन बरंच उतरलेलं दिसतंय," ते म्हणाले.

मी आणखी एक थाप मारायच्या तयारीत होतो, पण ती मुलगी मध्ये पडली. "काका, त्या टोचत होत्या. खूप टोचत होत्या. तुम्हाला ऐकूच नव्हतं येऊन राहिलं." आणि तिचे डोळे भरले. आपण काय बोलून बसलो असं तिला झालं असावं.

साडूभाऊ त्यांनीच पास केलेल्या स्टुलावर बसले. कुपी खाली ठेवली. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. दोन भाग पास केले मी. दोन्हींत तडे होते. पुढच्या तपासणीत सापडले म्हणून बरं, नाहीतर कुठल्यातरी घाटात ट्रकखाली... त्याच आठवड्यात राजीनाम्याचा अर्ज दिला. तुमच्या ताईंना सांगितलं, कंटाळा आला." मला तो निरोपसमारंभ आठवला. त्यांच्या कानावर मीच भाषण केलं होतं, लोक टाळ्या वाजवत होते, आणि ते खाली बघून हसत होते. मला लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की काय करावं कळेना.

"मग मी निवडायला चला म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"विचारलंत तुम्ही," ते म्हणाले. "ड्रमसेट घ्यायचाय, सोबत येता का, असं मला या आयुष्यात पुन्हा कोण विचारणार होतं? आणि म्हटलं, लोखंडात नाही, निदान काशात तरी ऐकू येईल. त्या चार मला ऐकू आल्या हो. म्हणून त्याच घेतल्या."

त्या मुलीने काठ्या त्यांच्या हातात दिल्या. चाळीस वर्षांनी ते वाजवत होते. मनगटं ताठरली होती, लय संथ होती, पण एकदा धरली ती त्यांनी सोडली नाही. मग थांबून त्यांनी मोठ्या थाळीवर एकच टोला दिला आणि तिच्याकडे वळले. "कशी आहे?"

"छान आहे, काका."

"छान म्हणजे काय? नापास. नीट सांग."

ती डोळे मिटून ऐकू लागली. "आधी काठीचं टोक ऐकू येते. मग मधातून एक गोल आवाज उठते. तो पसरते, इथपर्यंत, गुडघ्यापर्यंत आल्यासारखा. मग पातळ होत जाते."

"पातळ म्हणजे वरणासारखा की ताकासारखा?"

"ताकासारखा."

"हं. आणि कडेला?"

"कडेला थोडी खरखर. रेती पायाखाली आल्यावानी."

साडूभाऊंनी मान हलवली. "चांगली थाळी आहे," ते म्हणाले, आणि काठी पुन्हा उचलली. "पुन्हा सांग."

आता ताईंना सगळं माहीत झालं आहे. त्यांनी साडूभाऊंना कानाच्या डॉक्टरकडे नेऊन यंत्र घ्यायला लावलं. ते घरात लावायचं असा हुकूम आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातली हाक आता ऐकू येते. ही सुधारणा म्हणायची का, यावर साडूभाऊंनी आपलं मत राखून ठेवलं आहे. स्टुडिओत मात्र ते यंत्र काढून खिशात ठेवतात. "त्याच्यातून काशाचा पत्रा होतो," म्हणतात. शनिवारी ती मुलं वाजवतात आणि साडूभाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून विचारतात, आता काय झालं? मी सांगतो. वीस वर्षं आवाजाच्या धंद्यात घालवूनही माझ्याकडे छान, गोड आणि स्पष्ट असे तीनच शब्द होते, आणि ते तिन्ही पहिल्याच दिवशी बाद झाले. आता मी ताक, रेती, ओलं धोतर झटकणं, उकळीआधीचं पाणी असं काय काय सांगतो. ते ऐकतात, दुरुस्त्या सुचवतात, मग ओळखीचं कोणी भेटल्यासारखे स्वतःशीच हसतात. त्यांना त्यातलं किती ऐकू येतं आणि किती आठवतं, ते मी कधी विचारलेलं नाही.

गेल्या शनिवारी ते आले नाहीत. ताईंचा गुडघा धरला होता. मुलंही लवकर गेली. मी दिवे मालवायला आत गेलो आणि जाता जाता मोठ्या थाळीवर काठी मारली. आवाज उठला, पसरला, आणि माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने बोलतोय. आधी टोक, मग मधला गोल, मग ताक. खोलीत कोणी नव्हतं. तरी तो पार विरेपर्यंत मी सगळं सांगितलं.